खोगिरातली लोकर

देवकाबाईंचा निरोप आला तेव्हा मी अंगणात ज्वारी पाखडत होते. निरोप साधा होता: मालकांना जाऊन सात दिवस झाले, खोगीर घेऊन जा. मी सूप भिंतीला टेकवलं, तुझ्या बाबाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि निघाले. तुझा बाबा गजानन तेव्हा वर्षाचा होता, नलू. नुकता धरून धरून उभा राहायचा.

आपलं घर खोगीरवाल्यांचं. आज पांढुर्ण्यात कोणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही, पण तेव्हा सौंसरपर्यंत ज्याच्या दारात घोडं, त्याच्या घोड्यावर आपल्या घरचं खोगीर. चामडं कापणं, शिवणं, रिकिबीचे पट्टे लावणं ही पुरुषांची कामं. भरणी मात्र बाईची. खोगिराच्या पोटाला दोन गाद्या असतात, घोड्याच्या कण्याच्या दोन बाजूंना एकेक. प्रत्येक गादीला पुढच्या अंगाला चार बोटांचं तोंड. त्यातून पुरुषाचा पंजा जात नाही. लोकर पिंजून एकेक पुंजका आत सारायचा, बोटांनी चापायचा, पुन्हा सारायचा. एक गाठ राहिली तरी घोड्याची पाठ फुटते. सासूबाई भरलेल्या गादीवर गाल ठेवून डोळे मिटायच्या आणि गाठ कुठे आहे ते सांगायच्या. सापडली की म्हणायच्या, "तुझे हात हायेत का फावडे वो?"

आणि आपल्या घरची एक रीत होती. स्वार मेला की त्याच्या खोगिराचं पोट मोकळं करायचं. ज्या बाईनं भरलं तिनंच करायचं, दहाव्याच्या आत, आणि लोकर वाहत्या पाण्यात सोडायची. चामडं ठेवलं तरी चालेल, लोकर ठेवायची नाही. वर्षानुवर्षं एकाच माणसाचा भार घेतलेली लोकर त्याच्या बसण्याचा साचा होते. मी डोळे झाकून सांगायची, हा स्वार पुढे झुकतो, हा एका मांडीवर बसतो. सासूबाई म्हणत, माणूस खाली उतरला तरी त्याचं बसणं लोकरीत राहतं.

तर मी जाम नदी ओलांडली, सावरगाव मागे टाकलं आणि दोन कोस चालून यशवंतरावांच्या गावी पोचले. गावाचं नाव मी घेत नाही, तू विचारू नको. यशवंतराव म्हणजे देवकाबाईंचे यजमान, तिथले मालगुजार, गावाच्या जमिनीचे धनी. आदल्या साली सरकारनं मालगुजारी काढली, वावरं ज्याची त्याला गेली. लोक म्हणाले आता म्हातारा घरात बसेल. तो बसला नाही. रोज जेवून उठला की घोडीवर बसायचा आणि गावाची शीव फिरून यायचा. आपलं काही उरलं नव्हतं, तरी फिरायचा.

त्यांचा मोतद्दार भिवाजी, घोडी सांभाळणारा जुना माणूस, पागेत बसला होता. घोडी नव्हती. मालक गेल्यावर तिनं दाणा-चंदी सोडली आणि तिसऱ्या दिवशी तीही गेली. भिवाजीनं खोगीर माझ्या पुढ्यात ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"बारा वाजता निंगाले. चार चकरा झाल्या. वावरातले लोक उठून उठून रामराम करून राह्यले होते. म्या बी केला. पाचव्या चकरेले घोडी आपल्या मनानं पागेत आली. म्या रिकीब धरली, म्हटलं उतरा मालक..."

पुढचं मला देवकाबाईंनी सांगितलं. वैद्यानं हात लावून पाहिला आणि म्हणाला, हे पहिल्याच चकरेत गेले असावेत. म्हणजे अख्खं गाव तीन तास मेलेल्या माणसाला रामराम घालत होतं.

घरी येऊन मी स्वतः भरलेल्या त्या खोगिराचे टाके उसवले. लोकर निघाली ती दगडासारखी दबलेली, डाव्या अंगाला जास्त. यशवंतराव डावीकडे कलून बसायचे. आता ती पाण्यात सोडायची. पण फाल्गुनातच जामचं पाणी तुटलं होतं. पात्रात ठिकठिकाणी डबकी, त्यात म्हशी. वाहतं पाणी पाहिजे तर दिवसभर चालत जावं लागलं असतं, आणि अंगावर पिणारं मूल. मी लोकर गोणीत भरली, गोणी माळ्यावर टाकली. मनात म्हटलं, पाऊस आला की सोडीन.

सासूबाईंनी विचारलं, "सोडली का?"

मी म्हटलं, "हाव."

एवढंच खोटं मी बोलले, नलू. त्या वेळी ते खोटंसुद्धा वाटलं नव्हतं.

मग चैत्र लागला. घोडी विकली जाऊ लागली होती. ज्यांच्या मालगुजाऱ्या गेल्या त्यांच्या पागा रिकाम्या झाल्या, आणि आपल्या घरात आरी आणि रापी खोक्यात पडून राहिल्या. तुझे आबा सकाळी उठून खोकं उघडायचे, अवजारांना तेल लावायचे आणि पुन्हा बंद करायचे. अशात एक काम आलं. मोजणीवर फिरणाऱ्या सरकारी गिरदावरासाठी नवं खोगीर हवं होतं, आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या आत. घोडंही त्यानं आपल्या दारात बांधून दिलं, मापाला. कुठूनसं लांबून आणलेलं बदामी रंगाचं घोडं. या मुलखातली वाट त्याला माहीत नव्हती.

त्या रात्री जेवताना आबा म्हणाले, "हे साहेबाले पसंत पडलं तं कचेरीचे बाकीचे बी आपल्याकडेच येतीन. नाही पडलं तं मी नागपूरले जातो. मिलमध्ये."

मी भाकरी थापत होते. हात थांबला. शेजारच्या कलाबाईचा नवरा मिलमध्ये गेला होता. चार वर्षांत एकदा आला, तोही खोकत, आणि स्वतःच्या पोरीला ओळखेना. मला आबांना जाऊ द्यायचं नव्हतं. बाकी त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ते घरात राहिले पाहिजेत, बस.

पण लोकर नव्हती. दरवर्षी शिवरात्रीच्या मागेपुढे धनगर यायचे, मेंढरं कातरायचे आणि आम्ही वर्षाची लोकर घ्यायचो. त्या साली मेंढरांत रोग पडला आणि धनगर आलेच नाहीत. कापूस काय, घरोघरी ओसंडत होता. पण खोगिरात कापूस चालत नाही, घामानं त्याचे गोळे होतात. मी सौंसरला भावाकडे निरोप धाडला, बोरगावला धाडला. कुठे मिळेना. आखाजीला पाच दिवस राहिले. आबांनी चामडं शिवून तयार केलं, सुरेख केलं, आणि रिकाम्या गाद्या माझ्यापुढे ठेवून ते बाहेर जाऊन बसले.

मी माळ्यावर चढले.

गोणीत हात घातला तर लोकर कोमट लागली. मी म्हटलं, कौलं तापली आहेत. रिठ्याच्या पाण्यानं तीनदा धुतली, उन्हात वाळवली, दोन दिवस पिंजत बसले. पिंजून ती नव्यासारखी फुलली. फक्त घोड्याच्या घामाचा वास जाईना. मी कडुलिंबाची पानं त्यात ठेवली.

आबांनी पुंजका हातात घेऊन पाहिला. "कुठची वो? अशी लोकर तं म्या बी नाही पाह्यली."

"भावानं धाडली," मी म्हटलं.

ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले होते.

नव्या खोगिरावर पहिलं कारागिरानं बसायचं असतं. कोसभर जायचं, यायचं, उतरून घोड्याची पाठ पाहायची. घाम दोन्ही अंगाला सारखा आला तर भरणी ठीक. एखादी जागा कोरडी राहिली तर तिथं दाब जास्त, ती गादी उघडून पुन्हा भरायची. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आबा घोड्यावर बसले. मला म्हणाले, भाकरी टाक, आलोच. वळणावरून त्यांनी मागे पाहिलं नाही, पण तसे ते कधीच पाहत नसत.

भाकरी झाल्या. भाकरी थंड झाल्या. ऊन भिंतीवरून उतरून अंगणाच्या मध्यावर आलं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, मुकुंदा आला नाही काहून. मी म्हटलं, येतील. मग सावरगावचा एक गाडीवाला पऱ्हाटीचं ओझं घेऊन दारावरून गेला. जाता जाता म्हणाला, "तुमचे मालक भेटले होते. रामराम केला तं पाह्यलं बी नाही. नव्या खोगिरावर मोठा रुबाब आला बाप्पा त्याइले."

"कोणत्या अंगाले?" मी विचारलं.

त्यानं चाबकानं नदीपलीकडे दाखवलं.

मी ओट्यावर बसले. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"काय केलं तू, वच्छला?"

"लोकर..."

"कोणती लोकर?"

"यशवंतरावांची."

त्या ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं मारतील. त्यांनी गजाननला मांडीवरून खाली ठेवलं, खोकं उघडलं आणि चामडं कापायची रापी काढून माझ्या हातात दिली. त्यांचा हात थंडगार होता, वैशाखाच्या दुपारी.

"ज्या हातानं भरली त्याच हातानं काढा लागते. दुसऱ्याच्या हातानं निंगत नाही. दिवस बुडाच्या आत काढ."

"आन् नाही निंगाली तं?"

त्यांनी तोंड फिरवलं. "मंग त्याइले उतरता येत नाही."

मी पळाले. पायात वहाण नव्हती. जामच्या पात्रात वाळू अशी तापली होती की पाय टेकवताच उचलावा लागे. सावरगावात सगळी दारं बंद, उन्हाच्या भीतीनं. पुढे संत्र्याच्या बागा लागल्या. बागा ताणावर होत्या. बहार धरायचा म्हणून उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, पानं गळून पडतात. ती पानं पायाखाली चुरचुरत होती. त्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. होला नाही, चिमणी नाही, वारा तर नाहीच. एवढ्या उजेडात मी कधी भ्याले नव्हते. अंधारात माणूस डोळे मिटून घेतो. उन्हात मिटता येत नाहीत.

शिवेचा दगड दिसला आणि पाठोपाठ टापा ऐकू आल्या. टप... टप... एकसारख्या, सावकाश. ज्याला कुठे जायचं नाही अशा घोड्याच्या.

बाभळीखाली भिवाजी बसला होता. गुडघ्यांत हात धरून. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "सातवी चकर आहे. सकाळपासून मोजून राह्यलो."

"धरलं काहून नाही तुम्ही?"

"धरलं. लगाम हातात आला, पन घोडं थांबत नाही. मले फरफटत नेलं." त्यानं सोललेले गुडघे दाखवले. "बाई, घोड्यावर तुझा नवरा हाय. पन बसनं मालकाचं हाय... पंचवीस वर्स म्या ते बसनं पाह्यलं."

वावरातून एक बाई उठली, वाकून रामराम केला आणि पुन्हा धसकटं वेचायला बसली. तिच्या तोंडावर काही आश्चर्य नव्हतं. मग घोडं वळणावरून समोर आलं.

तुझे आबा जन्मभर वाकून शिवणारे. त्यांच्या पाठीला पोक होतं. आता ते ताठ बसले होते, डावा खांदा उतरता, नजर शिवेच्या कडेनं लांब. ओठ फाटले होते. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. आणि खोगीर करकरत होतं, भारी माणूस बसल्यावर करकरतं तसं. आबांचं वजन किती, पऱ्हाटीच्या काडीएवढं. घोड्याची पाठ खाली वाकली होती. त्या तापून दगड झालेल्या काळ्या मातीत, जिथे बैलगाडीचं चाक उमटत नव्हतं, तिथे त्याचे खूर बोटभर रुतत होते.

मी त्यांच्या बरोबर चालू लागले. "अहो," म्हटलं. "अहो, घरी चला." नजर हलली नाही. तेव्हा मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांचं नाव घेतलं.

"मुकुंदा..."

पापणी थरथरली. तेवढंच. पण ते आत होते, हे मला कळलं.

मी रिकीब धरली आणि तंग कापला. घोड्याच्या पोटाखालचा तो पट्टा कापला की खोगीर सरकतं, स्वार खाली येतो. पट्टा तुटला, दोन्ही टोकं लोंबली, घोड्याच्या पायांत आपटू लागली. खोगीर तसूभरही हललं नाही. जणू त्याला पट्ट्याची गरजच नव्हती.

भिवाजी मागून येत होता. तो काहीतरी पुटपुटत होता, देवाचं नाव असावं.

मग मी डाव्या गादीचं तोंड उसवलं आणि हात आत घातला. लोकर ओली होती. घामानं ओली आणि गरम, ताप आलेल्या माणसाच्या काखेसारखी. मी पुंजका ओढला, फेकला. दुसरा ओढला. चालता चालता ओढत होते, ठेचा लागत होत्या, नखं निघत होती. कधी कधी आतली लोकर माझ्या बोटांभोवती आवळायची, बाळ बोट धरतं तशी. तरी ओढायची. अर्धी शीव होईतो डावी गादी रिकामी झाली. मग घोड्याच्या पुढून पलीकडे गेले आणि उजवी धरली. सूर्य बागांच्या शेंड्यांना लागला होता. माझी सावली घोड्याच्या सावलीत मिसळली होती, आणि घोड्यावरची सावली... ती मी पाहिली नाही. भिवाजीनं पाहिली. त्यानं डोळ्यांवर उपरणं घेतलं.

शेवटचा पुंजका राहिला. गादीच्या अगदी तळाशी. तो येईना. मी दोन्ही पाय रोवून ओढायची आणि घोडं मला पुढे ओढायचं. आणि माझ्या डोक्यावर हात पडला. आबांचाच हात, आरीचे घट्टे मला ओळखू आले. पण जड. माझी मान खाली गेली.

"उतरू कुठं..."

तो आवाज आबांचा नव्हता. त्यात राग नव्हता, नलू. तेच सगळ्यात वाईट होतं. तो म्हातारा विचारत होता, खरंच विचारत होता. "खाली आता आपलं काय आहे? उतरू कुठं...?"

दिवस बुडत होता. माझ्या तोंडून काय निघालं ते मला निघाल्यावर कळलं.

"माझ्या घरी उतरा, मालक. कुठंही उतरा. पन याइले सोडा."

मागे भिवाजी म्हणाला, "नको वो बाई, असं नको..."

पण पुंजका हातात आला होता. खोगीर घसरलं, आबा माझ्या अंगावर कोसळले, आणि घोडं थांबलं. इतकं अचानक थांबलं की मला वाटलं बहिरी झाले.

भिवाजीनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. श्वास होता. मग त्यानं सवयीनं घोड्याच्या पाठीवर हात फिरवला आणि हात तसाच धरून उभा राहिला. सकाळपासून वैशाखाच्या उन्हात चाललेलं घोडं. त्याची पाठ कोरडी होती. एक केस ओला नव्हता. आबांचा सदरा मात्र मी पिळला तर धार लागली.

मी म्हटलं, लोकर गोळा करते, आता तरी पाण्यात सोडते. ज्या वाटेनं आलो होतो त्या वाटेनं मागे गेले. माझ्या पायांचं रक्त मातीत दिसत होतं. लोकरीचा एक पुंजका नव्हता. वारा सुटलेला नव्हता, वाटेनं कोणी आलं-गेलं नव्हतं. हातातला शेवटचा पुंजका तेवढा मूठ आवळून आणला होता. भिवाजीजवळ येऊन मूठ उघडली. रिकामी.

गाडी करून आबांना घरी आणलं. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी डोळे उघडले, पाणी मागितलं, मला ओळखलं, गजाननला जवळ घेतलं. सासूबाई देवापुढे बसून रडल्या आणि मला म्हणाल्या, जिंकलीस. त्या साहेबाचं खोगीर कोणी दुसऱ्यानं करून दिलं, घोडंही गेलं. आबांनी रापी पुन्हा हातात धरली नाही. पण नागपूरला जायचं नाव काढलं नाही. कुठेच जायचं नाव काढलं नाही. मला जे हवं होतं तेच झालं होतं.

दुपारी जेवून ते ओट्यावर बसायचे. हलायचे नाहीत. तीन-चार तास समोर पाहत बसायचे, ताठ. आणि उठायचे तेव्हा घामानं निथळत असायचे, छाती भात्यासारखी, दहा कोस धावून आल्यासारखी. थंडीतसुद्धा. मी लगेच तांब्या द्यायची. पाणी पिऊन ते पोट धरून लोळायचे. वैद्याला कळेना.

पुढच्या साली भिवाजी एकदा बाजाराला आला तो घरी डोकावला. आबा विहिरीवर अंग धूत होते, पाठ आमच्याकडे. भिवाजी बोलता बोलता उठला, त्यांच्यामागे गेला आणि अंगठा त्यांच्या पाठीवरून फिरवला, घोड्याची पाठ तपासतात तसा, केसांच्या उलट. आबांच्या पाठीवर दाट केस होते. काळे. खांद्याच्या दोन पाकळ्यांखाली मात्र दोन पट्टे पांढरे झाले होते, तळहाताएवढे, कण्याच्या दोन बाजूंना. मधली फट काळी.

मला सांगायची गरज नव्हती. आपल्या धंद्यात ते लहान पोरालाही कळतं. जिथं भार बसून बसून कातडी दबते तिथं घोड्याला पांढरे केस येतात. एकदा आले की जन्मात जात नाहीत.

भिवाजी मला बाजूला घेऊन म्हणाला, "पानी लगेच देजो नको. आधी फिरव. घाम जिरू दे. मंग दे, घोट घोट."

मी तसंच केलं. बारा वर्षं केलं, नलू. रोज चार वाजता ते ओट्यावरून उठले की मी कमरेचा करदोडा सैल करायची, मनगट धरायची आणि अंगणात फिरवायची. विहिरीपासून दारापर्यंत, दारापासून विहिरीपर्यंत. गवताची मूठ घेऊन पाठ चोळायची. कलाबाई भिंतीवरून म्हणायची, "काहून वो वच्छला, नवऱ्याले शंकरपटाच्या शर्यतीत उतरवतं का काय?" मी हसायची. नाहीतर काय करणार होते. ते कधी बोलले नाहीत, की मी कधी विचारलं नाही. एकदाच त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाले, "थकलो वो." तो हात हलका होता. तो त्यांचा होता.

आणि एकदा भ्याले ती त्या दिवाळीत. नागपूर तिकडे मुंबईकडे गेलं आणि आपण मध्य प्रदेशातच राहिलो त्या साली. चौकात नुसती गर्दी, माणसं भांडत होती, कोण कुठे गेलं, कोण कुठे राहिलं. गजाननला घेऊन आबा तिथं उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, शीव कुठून गेली? कोणीतरी हात करून दाखवलं. ते त्या बाजूला चालू लागले. पोर रडत घरी आलं. दोन कोसांवर गाठलं मी त्यांना. किती चालायचं होतं त्यांना कोण जाणे, ती शीव तर संपणारी नव्हती.

गजानन चौदा वर्षांचा असताना आबा गेले. बसल्या जागी गेले, दुपारी. न्हाऊ घालणाऱ्या माणसांना मी दाराआडून सांगितलं, पाठीवरचे पांढरे केस तेवढे नीट धुवा. ते एकमेकांकडे पाहायला लागले. एकजण बाहेर आला आणि म्हणाला, "वैनी, पांढरा केस एक बी नाही. पाठ काळीभोर हाय."

भिवाजी तोवर मेला होता. सासूबाईही. विचारायला कोणी नव्हतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तुला सांगते, कारण परवा दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तुझा बाबा पाटावर बसला आणि म्हणाला, "माय, आज तू लाव पाठीले तेल." मी वाटी तुझ्या आईच्या हातात दिली आणि चुलीकडे वळले. तिच्या बांगड्या वाजत होत्या, खाली वर, खाली वर. मग मधेच थांबल्या.

मी वळून पाहिलं नाही.